नव्याण्णव पूर्णांक चार

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

घटस्थापना. मुहूर्त वगैरे मी मानत नाही, पण गणपतरावांनी शेडची किल्ली नेमकी आज हातात ठेवली, म्हणून नोंद करतो. गणपतराव हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले जुने कारखानदार. या शेडमध्ये तीस वर्षं ऑइल इंजिनं जोडली जात होती. आता इंजिनं फारशी कुणी घेत नाही आणि शेडला भाडेकरूही मिळत नाही, तेव्हा परवा म्हणाले, "सर, तुमचं ते विज्ञानाचं दालन हितंच काढा की." शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं मी भेटेल त्याला हेच ऐकवत होतो. शिवाजी पेठेत दर चार पावलांवर तालीम आहे. पोरांनी चार यंत्रांना हात लावून बघावं अशी जागा मात्र मला तरी माहीत नाही.

शेड शंभर फूट लांब आहे असं गणपतराव गावभर सांगत असतात. टेप लावून दाखवली, अठ्ठ्याऐंशी भरली. "बरं बाबा, अठ्ठ्याऐंशी," म्हणाले. माणसं मोजत नाहीत आणि बोलत सुटतात.

घरी येऊन हिला सांगितलं. (ही म्हणजे नीलांबिका, माझी बायको. एकोणचाळीस वर्षं रोजनिशीत ती 'ही'च आहे.) म्हणाली, "सुष्मीला कळवा." म्हटलं, रविवारी पोरीचा फोन येतोच.

२० ऑक्टोबर, रविवार

सुष्मिताचा फोन. दोन मिनिटं चाळीस सेकंद. ती हुबळीला बँकेत अधिकारी आहे, जावई सोमेश रेल्वेत. औषध घेता का, अव्वाची, म्हणजे हिची, गुडघेदुखी कशी आहे, थंडी पडली का. मी दालनाचं सांगितलं. "छान अप्पा," म्हणाली. मग फोन हिच्याकडे गेला आणि पस्तीस मिनिटं तिकडेच राहिला.

लहानपणी या पोरीनं प्रश्न विचारून माझं डोकं खाल्लंय. तव्यावर पाण्याचा थेंब का नाचतो? तालमीतल्या मातीत तेल का घालतात? जेवताना, आंघोळीच्या दाराबाहेरून, स्कूटरवर मागं बसून कानात. नववीच्या सुमारास ते थांबलं. तेव्हापासून एकही नाही. वय वाढलं की मुली गंभीर होतात, त्यात विशेष काही नाही. तरी आज यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे 'मूल काय विचारेल?' असा रकाना आखला आणि तो भरताना मला एकच आवाज ऐकू येत होता, हे इथं लिहून ठेवायला हरकत नाही.

पहिली यादी: उभं कापलेलं इंजिन, तरफ, कुजबुजीची ताटं, कप्प्यांची खुर्ची, आरशांचा बोगदा. जोतीराम मिस्त्रीला वाचून दाखवली. जोतीराम फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करतो, म्हणजे ज्या साच्यावरून वाळूत लोखंड ओततात तो मूळ नमुना. आमच्या घरामागच्या गल्लीतच त्याचं वर्कशॉप. कान खाजवत म्हणाला, "सर, लंबक न्हाय व्हय ह्यात?"

"नाही."

"आवो, घड्याळाचा लंबक. पोरास्नी लई आवडतोय."

मी कारणं सांगितली. एक, छताला हूक लावायची सोय नाही. दोन, लंबक सगळीकडे असतो. तीन, तो नुसता हलतो, त्यात पाहण्यासारखं काही नाही. जोतीरामनं वर पाहिलं. छताला इंजिनं उचलायचे आठ हूक आहेत. 

१७ नोव्हेंबर, रविवार

कुजबुजीची ताटं जमली! उसाचा रस आटवायच्या दोन जुन्या, मोठ्या काहिली मुरगूडच्या एका गुऱ्हाळातून आणल्या. तळ सपाट असल्यामुळे आवाज एकवटत नव्हता. जोतीरामनं आठ दिवस ठोकून त्यांना खोलगट केलं. शेडच्या दोन टोकांना समोरासमोर उभ्या केल्या. एकीत तोंड घालून पुटपुटलं की अठ्ठ्याऐंशी फुटांवर दुसरीत कान ठेवलेल्याला स्वच्छ ऐकू येतं. गणपतराव तिकडून म्हणाले, "सर, च्या कवा?" आणि मला ते शेजारी उभे असल्यासारखं ऐकू आलं. काहिलींना अजून गुळाचा वास येतोय. मुंग्यांचं काय करायचं, ते बघायला हवं.

सुष्मीचा फोन आला तेव्हा मी हे सगळं सांगत होतो. पलीकडे कुणाशी तरी कानडीत बोलणं चालू होतं. "हो अप्पा, ऐकतेय," म्हणाली.

९ डिसेंबर, सोमवार

तरफेची चाचणी. शिवाजी पेठेतल्या तालमीचा राजवीर, एकशे अठरा किलो, लाजत लाजत खुर्चीवर बसला. दुसऱ्या टोकाला तिसरीतली एक चिमुरडी लोंबकळली आणि पैलवान दीड फूट वर गेला. पोरांनी शेड डोक्यावर घेतली. राजवीर म्हणाला, "सर, आमच्या वस्तादास्नी सांगू नका." माझा आजचा दिवस सोन्याचा.

संध्याकाळी समितीची बैठक. समिती म्हणजे मी, गणपतराव आणि अंतरा मॅडम. त्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, वय पस्तीसच्या आसपास, हुशार आहेत, पण हट्टी. म्हणाल्या, "सर, लंबक नसलेलं विज्ञान दालन म्हणजे विठोबा नसलेलं देऊळ." मी तीन कारणं सांगितली. त्यांनीही वर हुकांकडे पाहिलं. मतं पडली, दोन विरुद्ध एक. सेकंदाचा लंबक करायचा ठरलं: एका बाजूला जायला एक सेकंद, परत यायला एक. लांबी नव्याण्णव पूर्णांक चार सेंटीमीटर. हा आकडा मला झोपेतही पाठ आहे.

घरी येऊन चिडचिड केली. ही म्हणाली, "एका लंबकाचं एवढं काय?" काय म्हणजे काय. तत्त्वाचा प्रश्न आहे.

कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून ती जुनी गोष्ट एकदाची नोंदवतो. २००३. जिल्हा विज्ञान प्रदर्शन, मी परीक्षक. सुष्मिता नववीत. तिनं सेकंदाचा लंबक मांडला होता. तक्त्यावर लांबी ९९.४ लिहिलेली, शंभर आंदोलनांना वेळ दोनशे एक सेकंद. मी टेप लावली तर लांबी शंभर पूर्णांक चार भरली. म्हणजे लांबी मोजलेलीच नव्हती, पुस्तकातून उतरवली होती. शिवाय लाकूडकाम इतकं सफाईदार की ते जोतीरामचं होतं हे आंधळ्यालाही कळावं. सगळ्यांसमोर विचारलं, "हे तू मोजलंस?" "हो." "मोजलंस तर चुकलं कसं?"  नुसतं "मी मोजलंय अप्पा," एवढंच. प्रदर्शनात 'अप्पा' म्हणायचं नाही असं बजावलेलं होतं. मी शून्य दिलं. हुक्केरी सर स्वतःच्या मुलीलाही सोडत नाहीत, असं पुढं कितीतरी वर्षं लोक म्हणत. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर कदाचित मी पुन्हा मोजून बघायला सांगितलं असतं. पण आपली असली की अधिक कडक राहावं लागतं. ते योग्यच होतं.

मग अकरावीला तिनं कॉमर्स घेतलं.

११ जानेवारी २०२५, शनिवार

लंबक जोतीरामकडून करून घ्यायचा नाही, स्वतः करायचा, असं ठरवलं. समितीनं लादलाय तर निदान अचूक तरी असावा. गोळा लोखंडाचा, त्याच्याच पॅटर्नवरून ओतलेला, सुरेख. बाकी पोलादी तार आणि सागाची चौकट. जोतीरामच्या वर्कशॉपात दिवसभर बसलो. त्याची लांब पोलादी पट्टी बाकावर पडलेली होती, कोपऱ्यातली अक्षरं झिजून गेलेली, पण रेघा तेज. टांगायच्या टोकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा नव्याण्णव पूर्णांक चार. हात अजून थरथरत नाहीत.

भुशाच्या वासात बसल्यावर एकदम वाटलं, सुष्मी इथं यायची. शाळेतून आली की दप्तर टाकून मागच्या दारानं सुटायची. संध्याकाळी ही तिच्या केसांतला भुसा काढत बसलेली असायची. आता हुबळीच्या त्या एसी बँकेत कसला वास येत असेल? मी तिची बँक कधी पाहिलेली नाही.

२० जानेवारी, सोमवार

भयंकर दिवस. लंबक सावकाश चालतो. शंभर आंदोलनांना दोनशे सेकंद हवेत, लागतात दोनशे एक. वर थोडं. हवेचा अडथळा म्हणावा तर इतका नसतो. हूक तपासला. तार ताणते का पाहिलं. आठ वेळा मोजलं. दोनशे एक.

मग अंतरा मॅडम आल्या. पर्समधून टेप काढून मोजलं, पुन्हा मोजलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, लांबी शंभर पूर्णांक चार भरतेय. तक्त्यावर तुम्ही नव्याण्णव पूर्णांक चार लिहिलंय. पुस्तकातला आकडा टाकलाय का?"

माझं डोकंच फिरलं. "मी मोजलंय!" ओरडलो. "तीन वेळा मोजलंय!"

"मोजलं असतं तर चुकलं कसं असतं, सर?" अगदी आदरानं म्हणाल्या, त्याचाच जास्त राग आला.

चाळीस वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या माणसाला असं विचारायचं? मी खोटं लिहीन? मी? चहा न घेता घरी आलो. जेवलो नाही. ही विचारत राहिली, काय झालं म्हणून. सांगितलं तेव्हा माझ्याकडे अशी बघत बसली की मला वाटलं, हिचाही माझ्यावर विश्वास नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी आठला टेप घेऊन जोतीरामच्या दारात. म्हटलं, तुझी ती पट्टी दे. टेपशेजारी ठेवली. पट्टीवरचा शंभर टेपवरच्या एकशे एकाला भिडला. रेघनरेघ अशीच, प्रत्येक सेंटीमीटर जरासा लांब.

"पट्टी खोटी आहे तुझी!"

जोतीराम हसला. "खोटी न्हाय सर, पॅटर्नची हाय. लोखंड निवलं की आकसतंय की. शंभराला एक. मग पॅटर्न शंभराला एक मोठा करायला लागतोय. दर येळी कोण हिसाब करत बसतंय? म्हणून पट्टीच मोठी. हिच्यानं मोजायचं, वतलेलं लोखंड आपसूक मापात येतंय. त्ये तुमी ओतकामाला लावायचं सोडून तारंला लावलं. तार कुठं आकसतीया?"

चाळीस वर्षं प्रसरण-आकुंचन शिकवलं मी. फळ्यावर गोळा आणि कडं काढून. आणि घरामागच्या गल्लीत माणसं ते पट्टीत घालून बसली होती.

मी हसत होतो. खरंच हसत होतो. मॅडमना फोन लावायला खिशात हात घातला आणि जोतीराम म्हणाला, "आसंच तुमच्या सुष्मीचं झालतं. त्या टायमाला."

मी बसलो. बाकावरच बसलो, रंध्यावर.

त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "समदं पोरीनंच केलतं सर. रंधा, पॉलिश, समदं. हाताला फोड आलतं. मी फक्त पट्टी दिलती. माझ्या ध्येनातच आलं न्हाय की ह्ये ओतायचं न्हाय म्हणून. परदर्शन झाल्यावर आठ दिसांनी ती टेप घिऊन आली, शेजारी ठिवून बघितली. मी म्हटलं, चल, सरास्नी सांगू. तर नगं म्हणाली."

"का?"

"मला काय म्हाईत? मी त्या दिवशी हॉलात आलतो, चौकट न्ह्यायला. पोरगी मागच्या खुर्चीवर बसून ऱ्हायलती, हॉल मोकळा झाला तरी. मी म्हटलं, चल. म्हणाली, अप्पा येतील. तुमी पावण्यांबरोबर च्या प्यायला गेलता."

मला तो चहा आठवत नाही. बिस्किटं आठवतात.

२२ जानेवारी, बुधवार

दोनशे एक.

ज्याला पुस्तकातून उतरवायचं असतं तो लांबी नव्याण्णव पूर्णांक चार लिहितो आणि वेळ दोनशे लिहितो. दोन्ही आकडे एकाच ओळीत छापलेले असतात. तिनं दोनशे एक लिहिलं. पुस्तकाच्या विरुद्ध जाणारा आकडा चौदा वर्षांच्या पोरीनं तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिला, कारण तो तिला मिळाला होता. त्या हॉलमध्ये सत्तर तक्ते होते. खरं मोजलेला एवढा एकच असेल. त्याला मी शून्य दिलं आणि एकवीस वर्षं त्याची फुशारकी मारली.

दुपारी अडीचला बँकेत फोन केला. असा अवेळी फोन मी कधी करत नाही. घाबरून म्हणाली, "अव्वाला काय झालं?" म्हटलं, काही नाही, पट्टी मोठी होती.  मग म्हणाली, "माहितीये अप्पा. मला आठवड्यात कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"समोर कस्टमर आहेत. औषध घेताय ना?"

फोन ठेवला. मी तिला फार ओळखत नाही, असं आज पहिल्यांदा वाटलं. माझीच पोर आणि मला तिची आठवण नऊ-दहा वर्षांची येते, पस्तिशीची नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

उपाय सापडला. उद्घाटन अठ्ठावीसला, विज्ञान दिनी. लंबक आता दुरुस्त केलाय, पण त्याच्या शेजारी दुसरा, शंभर पूर्णांक चारचाच टांगायचा, जोतीरामची पट्टी काचेच्या पेटीत, आणि भला मोठा फलक: 'कु. सुष्मिता हुक्केरी, इयत्ता नववी, हिचे अचूक निरीक्षण. परीक्षकांची चूक.' खाली माझी सही. सगळ्या कोल्हापूरसमोर चूक कबूल करायची. मजकूर चार वेळा लिहिला. पुढच्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवणार. अंतरा मॅडमना फारच आवडलं. डोळे पुसत होत्या.

फोनवर सुष्मीला सांगितलं. "बघू," म्हणाली. सुट्टी मिळायला हवी, मार्चअखेर जवळ आलाय. मिळेल. एवढ्यासाठी मिळेलच.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज फोन माझ्यासाठी आलाच नाही. हिच्याशीच बोलली. नंतर ही बाहेर आली आणि म्हणाली, "फलकावरचं नाव काढा म्हणतेय. येणार नाही म्हणाली."

मी चिडलो. माणूस जाहीरपणे चूक मान्य करतो, ते कुणाला जमतं? याहून काय करायचं राहिलं?

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेव्हाही सगळ्या गावासमोर, आत्ताही सगळ्या गावासमोर. तुमचं आणि तिचं काही घरातलं नाहीच का हो?"

 संध्याकाळी शेडवर जाऊन फलक उतरवला. जोतीरामनं तो उलट्या बाजूनं भिंतीला टेकवून ठेवला. काहिलीजवळून जाताना उगाच आत तोंड घालून तिचं नाव पुटपुटलो. पलीकडे कुणी नव्हतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं तयार. इंजिन पुसलं, मुंग्यांचा बंदोबस्त झाला, राजवीर उद्या दहाला येतो म्हणालाय, वस्तादांना घेऊन. पाहुणे साडेदहाला. मला त्यांना फाटकावर घ्यायला उभं राहायचंय. पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर अजून नावाची चिठ्ठी आहे. मॅडम काढणार होत्या. मी म्हटलं, असू द्या, येईल कदाचित.

ती येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी असू द्या म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. हुबळी

सकाळी साडेसातला शेडवर पोचलो. फाटकावर रांगोळी चालली होती. गणपतराव नवा फेटा बांधून आलेले. म्हणाले, "सर, पावणं आलं की तुमी फुडं व्हा, हार मी देतो, मग सगळीजनं च्या." मी हो म्हणालो. आत जाऊन ती खुर्ची पाहिली. लोक येतील, बसतील, टाळ्या होतील, मग मी पाहुण्यांना घेऊन चहाला जाईन, आणि ही रिकामी खुर्ची हॉल मोकळा होईपर्यंत तिथंच राहील. चिठ्ठी काढून खिशात घातली. जोतीरामला म्हटलं, किल्ल्या ठेव. तो म्हणाला, "कुठं?" म्हटलं, हुबळीला. तो एकच शब्द बोलला, "जावा."

निपाणीच्या पुढं गणपतरावांचा फोन. "आवो सर, पावणं गेटावर हायत!"

"तुम्ही घ्या."

"आनि तुमी कुठं?"

"बसमध्ये."

त्यांनी मला जे म्हटलं ते लिहीत नाही. त्यांच्या हक्काचं होतं.

दीडला उतरलो. बँक सापडायला वेळ लागला. दारातल्या रखवालदारानं कानडीत विचारलं, काय काम? मी कानडीतच सांगितलं, मुलीला भेटायचंय. त्यानं टोकन दिलं, सत्तेचाळीस. बसलो. काचेपलीकडे ती एका म्हाताऱ्याला कर्जाचे कागद समजावून सांगत होती. त्याला कळत नव्हतं. ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची, पेन्सिलीनं चित्र काढून. तिच्या कानापाशी दोन केस पांढरे झालेत. मला माहीत नव्हतं.

माझा नंबर लागला. मान वर करून बघितलं आणि उभीच राहिली. "अप्पा? आज उद्घाटन ना?"

"आहे. चालू असेल."

"मग तुम्ही इथं कसे?"

"तुला विचारायला आलो."

आजूबाजूचे बघत होते. खालच्या आवाजात म्हणाली, "चार वाजतील मला." म्हटलं, बसतो. लोक कमी होत गेले. रखवालदारानं अर्धं शटर ओढलं आणि मला पाणी आणून दिलं. सव्वाचारला ती पर्स घेऊन बाहेर आली.

बँकेसमोरच्या छोट्या हॉटेलात बसलो. तिनं गिरमिट, म्हणजे तिकडची चुरमुऱ्यांची भेळ, आणि मिरची भजी मागवली. म्हणाली, "काय विचारायचंय?"

"त्या दिवशी काय झालं ते."

"तुम्हाला माहितीये सगळं."

"मला आकडे माहितीयेत. बाकी काही माहीत नाही. माझं चुकलं, सुष्मी. ते सांगायला वेळ लागला. पण तुझ्याकडून ऐकायचंय."

तिनं भज्याचे तुकडे केले. अजून बारीक केले. खाल्ले नाहीत. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ द्या अप्पा. मग बोलायला लागली, ताटलीकडे बघत.

शून्याचं तिला फार वाटलं नव्हतं, म्हणाली. आधी आठ दिवस ती रोज मोजत होती आणि रोज दोनशे एक येत होतं. मैत्रिणी म्हणाल्या, दोनशे लिही, कोण बघतंय. तिनं नाही लिहिलं. "मला वाटलं, तुम्ही ते बघाल आणि म्हणाल, अगं, हे काहीतरी निराळंच आलंय, चल आपण दोघं शोधू. मी घरी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. तुम्हाला तिथंच दाखवायचं होतं. रात्री झोपताना तुमचा चेहरा कसा होईल ते बघत होते मी."

मला रडू आलं. हॉटेलात, चारचौघांत, भज्यांसमोर. तिनं टेबलावरचा कागदी रुमाल पुढं सरकवला आणि थांबली नाही, बोलत राहिली. मागच्या खुर्चीचं, घरी येताना जोतीरामच्या सायकलीवर चौकट धरून बसल्याचं, रात्री मी आमटी दोनदा मागून घेतल्याचं. कॉमर्सचा फॉर्म भरताना माझ्या दारात उभी राहिली होती त्याचं, आणि मी पेपर तपासत होतो त्याचं. एकवीस वर्षांत पोरगी माझ्याशी इतकं बोलली नव्हती. हॉटेलवाला दोनदा येऊन गेला. बाहेर दिवे लागले.

"आणि तो तुमचा निळा शर्ट," म्हणाली. "त्या दिवशी घातलेला. मला तो रंग अजून आवडत नाही."

मी आयुष्यात निळा शर्ट घेतलेला नाही. परीक्षक म्हणून मी कायम पांढऱ्यातच जात असे.

"हं," म्हणालो, "मग?"